ओळखीतला एक माणूस

४ जून

मामा,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आईला पलीकडच्या खोलीत माझ्याआधी ऐकू जातं. आणि तुझ्याशी फोन म्हणजे तू ओरडणार आणि मी ‘काय, काय’ करणार.

काम असं आहे. माझ्या ओळखीतला एक माणूस आहे. त्याला वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचंय. साधा, उघडा वस्तरा, ज्यावर तू जन्म काढलास तो. अडचण कातडीची. कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. बाजारातल्या रेझरने पुटकुळ्या उठतात, केस आतल्या आत वळून गाठी होतात. केस काढायची क्रीम लावून बघितली तर भाजलं, जबड्याखाली अजून डाग आहे. जो तो सांगतो, असल्या कातडीने वस्तऱ्याच्या वाटेला जाऊ नये. पण हा माणूस हट्टी. जाऊ नको म्हटलं की त्याला नेमकी तीच वाट दिसते. दाढी गालभर नाही, हनुवटीवर आणि जबड्याखाली आहे. वस्तरा घरातलाच, वडिलांचा. तेल लावून ठेवलेला होता, धार शाबूत आहे.

माझं म्हणशील तर चष्म्याच्या दुकानात मालकांनी मला पुढच्या खुर्चीवरून उठवून आत काचा घासायला बसवलंय. आतल्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. मी लोकांच्या नाकावर चष्मा बसवणारी बाई, कान आणि नाक यांच्यामध्ये माझं सगळं राज्य. ती खुर्ची मला परत पाहिजे, आणि मी ती घेणार आहे.

आणि हो, तुझ्या मागच्या कार्डावरचं अक्षर ओळीवरून घसरत होतं. डोळे कधी तपासलेस?

तुझी,
ठिणगी

---

१३ जून

ठिणगे,

‘ओळखीतला एक माणूस’ म्हणे. अगं, मी उभा जन्म लोकांच्या गालांवरून हात फिरवलाय. कोण काय लपवतंय ते मला बोटांना कळतं. कोण हा? कधीची ओळख? करतो काय? आईला माहीत आहे का? नाही सांगितलंस तरी चालेल, मला सगळं समजलं.

केस काढायची क्रीम लावणारा पुरुष मी आजवर बघितला नव्हता. असो, ज्याची त्याची आवड.

आता नीट ऐक आणि त्याला ऐकव. पहिले काही दिवस वस्तरा उघडायचाच नाही. आंघोळ करून तोंड ओलं असतानाच गरम पाण्यात पिळलेला टॉवेल हनुवटीला धरायचा. मग ब्रशने फेस. वरवर लिंपायचा नाही, केसाच्या मुळात जिरवायचा. फेस लावला की थांबायचं, कपभर चहा संपेपर्यंत. नाजूक कातडीची निम्मी दाढी पाण्याने होते. लोकांना घाई असते आणि दोष वस्तऱ्याला देतात. मग वस्तऱ्याची पाठ, बोथट बाजू गं, तिनेच सगळी दाढी करून बघायची. हाताला वाट पाठ झाली पाहिजे.

चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा ओढताना पाठ पुढे, धार मागे. वळवायचा तो पाठीवर. धारेवर वळवला तर पट्टाही गेला आणि धारही गेली.

मी अजून रोज सकाळी, आरशाशिवाय, एका दमात स्वतःची दाढी करतो. समोरच्या सलूनचा दुकानवाला बघत बसतो आणि जळतो. जळू दे.

डोळ्यांचं म्हणशील तर चष्मा जुना झालाय खरा. अक्षर त्यामुळेच.

तुझा मामा

---

२२ जून

मामा,

सोबत चष्मा पाठवतेय. तुझ्या जुन्या चष्म्याचा नंबर माझ्याकडे होता, वयाप्रमाणे वाढवून घेतलाय. दांड्या मीच वाकवल्यात, तुझा डावा कान किंचित वर आहे ते मला आठवतं. आता बघते अक्षर कसं सरळ येत नाही ते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ओळख अगदी लहानपणापासूनची आहे, पण नीट निरखून बघायला मी आत्ता आत्ता लागले. करतो काय? सध्या तरी अंधारात बसून काम करतो, आणि त्याचा त्याला संताप आहे. आईला माहीत आहे आणि पसंत नाही. तिचं म्हणणं एवढंच की लोकांना दिसता कामा नये.

पाठीने करून झालं, हात बसला. काल धारेने पहिल्यांदा केली. गळ्याकडची बाजू बरी झाली, हनुवटीवर मात्र दोन ठिकाणी रक्त आलं आणि सकाळी सगळं लाल. हनुवटीवर केस एका बाजूला नाहीतच, भोवऱ्यासारखे फिरतात. वस्तरा अडतो, मग राग येतो, मग दाब पडतो. काय चुकतंय?

शिकायचं सोडणार नाही, हे त्या माणसाच्या वतीने आधीच सांगते.

ठिणगी

---

१ जुलै

ठिणगे,

चष्मा मिळाला. कानावर असा बसलाय की आहे हे विसरायला होतं. जियो.

काय चुकतंय ते तूच लिहिलंयस. राग. वस्तरा हातात असताना रागवायचं नाही, रागवायचं असेल तर आधी खाली ठेवायचा. आणि तो उभा धरत असणार, सगळे नवखे धरतात. वस्तरा कातडीवर झोपवायचा. पाठ आणि कातडी यांच्यात जेमतेम फट. दाब मुळीच नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, हनुवटीला खालचा ओठ दातांवर ओढून घ्यायचा. भोवऱ्यासाठी आधी कोरड्या हनुवटीवर बोट फिरवायचं. ज्या बाजूला बोट अडत नाही, ती केसाची बाजू. तिकडेच जायचं, छोट्या छोट्या हातांनी, भोवऱ्याबरोबर फिरत.

उलटा हात मारायचा नाही. केसाच्या विरुद्ध वस्तरा नेला की गाल आरशासारखा होतो, पण नाजूक कातडीला तो हव्यास परवडत नाही. चार खुंट राहिले तर राहू देत. शेवटी गार पाणी, तुरटीचा ओला खडा एकदाच, आणि तीही धुऊन टाकायची. रोज नको, एक दिवसाआड.

आता खरी बातमी. मी तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, मुलगा लहानपणापासूनच्या ओळखीचा आहे, कातडी नाजूक आहे पण जिद्दीचा आहे. अंधारात काम करतो म्हणजे फोटोबिटोचा धंदा असणार. तुला पसंत नसला तर नसो, पोरीने निवडलाय. ती रडायलाच लागली. आनंदानेच असणार. तुझं काम सोपं केलं की नाही?

तुझा मामा

---

७ जुलै

मामा,

काम सोपं केलंस. धन्य आहेस.

मी कामावरून आले तर पडदे धुतलेले, आई नवी साडी नेसून दारात. “मुलगा काय करतो?” मी म्हटलं, “कुठला मुलगा?” “लपवू नकोस. मामाने सगळं सांगितलंय. काय करतो तो?” मी म्हटलं, “दाढी करतो.” त्यानंतर तिने माझी जी बिनपाण्याने केली ती तुला तुझ्या दुकानातसुद्धा जमली नसती.

तो माणूस मीच आहे, मामा. दाढी माझी आहे. मी एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाही, पत्रं काढून वाच. माणूस लिहिलं होतं. तू त्याचा पुरुष केलास, मग मुलगा केलास, मग जावई केलास. बाईमाणूस म्हणतात तोही माणूसच ना? माझ्या वडिलांच्या कपाटातला वस्तरा म्हणजे काळ्या मुठीचा, तूच बाबांना लग्नात दिलेला.

आता जे लिहिलं नव्हतं तेही सांगते. दोन वर्षांपासून हनुवटीवर राठ केस येतात. पार्लरमध्ये मेणाने ओढून काढले, कातडी सोलली. मग क्रीम, आणि तोंडभर फोड. मालक म्हणाले, “गिऱ्हाइकाला आरशात स्वतःचं तोंड बघायचं असतं, तुमचं नाही. चेहऱ्याचं काहीतरी करा आणि मग पुढे या.” मी तोंड खाली घालून आत गेले, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. आई म्हणते, दोन बोटांचा चिमटा घे आणि दार लावून उपट, मी नाही उपटत? जन्मभर उपटतेय ती, मामा. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून. तुला माहीत होतं?

मी कडी लावत नाही. खिडकीशी उजेड चांगला येतो, तिथे आरसा टांगून करते. समोरच्या घरातल्या बाई पहिल्या दिवशी बघत राहिल्या. मी फेसासकट मान हलवून त्यांना नमस्कार केला.

तुला शिकवायचं नसेल तर तसं कळव. मी थांबणार नाही, फक्त जास्त कापेल.

ठिणगी

---

२४ जुलै

मामा,

उत्तर नाही. ठीक आहे.

आई तुझ्याकडे यायला निघालीय, माझी तक्रार घेऊन. तिची बॅग मीच भरून दिली.

हनुवटीचा भोवरा जमला. तू म्हणालास तसा, वस्तरा झोपवून. गळाही स्वच्छ झाला, एक पुटकुळी नाही. पहिल्यांदाच आरशात डाग शोधायला नाही, नुसतं बघायला म्हणून बघितलं. ऐकायचं नसलं तरी कळवते, कारण शिकवलेलं तुझं आहे.

ठिणगी

---

३ ऑगस्ट

ठिणगे,

तुझं पत्र वाचून मी ते फळीवर उलटं टाकून दिलं होतं. मला वाटलं, भाचीने केसाने गळा कापला, तोही हनुवटीच्या. गावभर सांगून बसलो होतो जावई येणार म्हणून.

मग तुझी आई आली. “तू तिला थांबव, तुझंच ऐकेल,” म्हणाली. ती उजेडात बसली होती आणि तू पाठवलेला चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. हनुवटीखाली बारीक बारीक डाग दिसले, उपटून उपटून काळे पडलेले. मी सगळ्या गावाच्या हनुवट्या हाताळल्या आणि सख्ख्या बहिणीची बघितली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तेव्हा तू थांब असं मी तुला सांगणार नाही.

आता माझं ऐक, कारण ती परत आल्यावर तुला सांगेलच. माझे डोळे उत्तम आहेत. हात हलतो, अक्षर घसरतं ते त्यामुळे. तुझ्या चष्म्यातून एवढंच झालं की तो किती हलतो ते लख्ख दिसलं. दोन वर्षं मी वस्तरा धरलेला नाही. दुकानाचं दार उघडतो, खुर्ची पुसतो, बसतो. दाढी कॉलरच्या खाली आलीय. विचारलं की सांगतो, हौस म्हणून वाढवलीय. समोरचा दुकानवाला दोनदा येऊन गेला, “काका, मी करून देतो.” त्याच्यापुढे मान मागे टाकून बसू? मेलो तरी नाही.

तू खरी खरी वाक्यं लिहून मला फसवलंस. मी सरळ खोटंच लिहिलं. तेव्हा तुझं पारडं जड आहे.

कातडीला बाई-पुरुष कळत नाही. तिला गरम पाणी कळतं आणि हलका हात कळतो. पुढे काय अडतंय ते लिही.

मामा

---

१० ऑगस्ट

मामा,

चष्मेवाली मी, म्हणून अक्षर बघून मला डोळेच सुचले. ज्याला त्याला आपलाच धंदा दिसतो.

अडतंय ते वस्तऱ्याचं नाही. परवा मी सरळ पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. एका गिऱ्हाईक बाईंच्या कानामागे दांडी बसवत होते, तेवढ्यात मालक आले. माझ्याकडे वाकून बघितलं आणि खूश झाले. “बघा, कसा स्वच्छ झाला चेहरा. कुठल्या पार्लरमध्ये गेलात?”

मी म्हटलं, “पार्लर नाही. वस्तऱ्याने दाढी केली.”

त्या बाईंच्या नाकावरून चष्मा घसरला. मालकांनी मला आत बोलावलं. “अहो, हात दाखवून अवलक्षण कशाला? केलीत तर केलीत. कोणी विचारलं तर पार्लर सांगायचं.” मी म्हटलं, “पार्लरने कातडी सोलली होती.” ते म्हणाले, “मग खरं बोलायची एवढी हौस असेल तर काचांशी बोला.”

तेव्हा मी पुन्हा आत आहे. आधी चेहरा चालत नव्हता, आता तोंड चालत नाही. एक शब्द खोटा बोलले की खुर्ची माझी. आई म्हणते बोल, त्यात काय जातं? मला विचारशील तर सगळं त्यातच जातं. मी आयुष्यभर ‘पार्लर’ म्हणत बसले तर आईच्या न्हाणीघराची कडी आणि माझी कडी एकच. मी नाही म्हणणार.

आणि तू मान कोणापुढे टाकणार नाहीस तर माझ्यापुढे टाक. रविवारी येते. वस्तरा बाबांचा आणेन. तुझी दाढी मी करणार आहे. माझी हनुवटी जमली, तुझी काय मोठीशी लागून गेली.

ठिणगी

---

१६ ऑगस्ट

ठिणगे,

आधी वाटलं, नाही लिहावं. ज्याने शिकवलं त्यानेच गळा पुढे करायचा, हे मला पटत नव्हतं. मग आरशात बघितलं. आरशातला म्हातारा मला काही पटला नाही.

ये. पण माझ्या अटी आहेत. दार लावायचं नाही. मागच्या खोलीत नाही, पुढच्या खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून. समोरच्याला दिसलं पाहिजे की माझ्या दुकानात पुन्हा वस्तरा उघडलाय आणि तो माझ्या भाचीच्या हातात आहे. कोणी विचारलं, ही कुठे शिकली, तर तू उत्तर द्यायचं नाही, मी देणार. म्हणेन, स्वतःच्या हनुवटीवर. लाज वाटायची असेल तर त्यांना वाटू दे.

आईलाही घेऊन ये. ती ‘मी बघणार नाही’ म्हणेल. बाकावर पाठ करून बसू दे.

मालकाचं मी एवढंच सांगतो. कातडीला सरळ हात मारावा. काही माणसं मात्र अशी असतात की त्यांना उलट्या हाताशिवाय इलाज नाही.

मामा

---

२९ ऑगस्ट

मामा,

तुझी दाढी करून रविवारी रात्री पोचले, आणि लगेच कामावर गेले म्हणून पत्राला उशीर. तुझ्या गळ्यावर लाल उठलं का ते आई फोनवर सांगत नाही, तू कळव. आणि ती तुझ्याकडे अजून किती राहणार आहे? म्हणाली होती, दोन दिवसांनी येते.

मी सोमवारी मालकांना सांगितलं, “मी कोणाला आपणहून सांगत सुटणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही. या अटीवर पुढे बसवा, नाहीतर मी दुसरं दुकान बघते.” ते म्हणाले, बघा. मी पर्स उचलली. तेवढ्यात त्या चष्मा घसरलेल्या बाई दारात. मालकच दांडी बसवायला गेले, त्यांचा हात म्हणजे कान पिळल्यासारखा. बाई म्हणाल्या, “तुम्ही राहू द्या. त्या दाढी करतात ना, त्यांना बोलवा. त्यांचा हात हलका आहे.”

मालकांनी आतल्या खोलीतला माझा दिवा उचलून पुढच्या टेबलावर आणून ठेवला.

मी पर्स खाली ठेवली आणि बाईंच्या कानामागची दांडी सैल केली.

तुझी,
ठिणगी

---

४ सप्टेंबर

ठिणगे,

अक्षर नाचतंय, नाचू दे. तू लावशील अर्थ.

लाल उठलं नाही. डाव्या जबड्याखाली एक जागा राहून गेलीय, पुढच्या खेपेला तिकडे जरा लक्ष दे. समोरचा दुकानवाला दुसऱ्या दिवशी आला होता. गालाकडे बघून म्हणाला, “काका, सफाई आहे.” मी म्हटलं, आहेच. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी दोघे विचारून गेले, ताई पुन्हा कधी येणार. मी म्हटलं, ताईंना वेळ नसतो.

तुला दिसलं नसेल, तुझं लक्ष माझ्या गळ्यावर होतं, आणि तेच बरं. पण मला मांडीवर टेकवलेल्या आरशात मागचं सगळं दुकान दिसत होतं. तुझी आई पाठ करून बसली ती फक्त फेस लावेपर्यंत. तू वस्तरा उघडलास आणि ती वळली. मग शेवटपर्यंत तिने पापणी हलवली नाही.

ती अजून इथेच आहे. आज सकाळी तिने चहा आणून दिला आणि उगाच खुर्ची पुसत उभी राहिली. मग म्हणाली, “दादा, ते पाणी किती गरम लागतं रे?” मी विचारलं, कशाला? ती खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाली, “काही नाही. माझ्या ओळखीतल्या एका माणसाला शिकायचंय.”

या खेपेला मी कोण म्हणून विचारलं नाही. पाणी तापत ठेवलंय. माझा हात हलतो, तेव्हा शिकवायला तुलाच यावं लागेल. रविवारी ये.

मामा